झाडे श्वसन करतात, श्वासोच्छ्वास नाही

प्रश्न असा आला आहे: ‘झाडे रात्री श्वासोच्छ्वास करतात’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि मग बाष्पोच्छ्वास म्हणजे काय?

वाक्यात दोन शब्द चुकलेत, ‘रात्री’ आणि ‘श्वासोच्छ्वास’.

श्वासोच्छ्वास ही हालचाल आहे. छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकते, छाती फुगते, हवा आत येते. मग सगळे उलट. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस हे मिनिटाला १२ ते २० वेळा करतो आणि दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा घेतो. श्वसन ही त्यापुढची गोष्ट. पेशीत ग्लुकोजचे विघटन होऊन ऊर्जा मोकळी होते, ते श्वसन. पाण्यात बुडी मारून श्वास रोखला की श्वासोच्छ्वास थांबतो, श्वसन मात्र चालूच असते. म्हणून ‘कृत्रिम श्वासोच्छ्वास’ हा प्रयोग अचूक आहे, कारण बाहेरून फक्त हवा भरता येते. डॉक्टर ‘श्वसनाचा दर’ म्हणतात तेव्हा मोजतात श्वासोच्छ्वासच, पण ते आता इतके रुळले आहे की त्यावर हटून बसण्यात अर्थ नाही.

झाडाला छाती नाही. पर्णरंध्रांतून, खोडावरच्या वल्करंध्रांतून आणि मुळांच्या पृष्ठभागातून वायू आपसूक आत-बाहेर होतात. श्वसन दिवसरात्र चालते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर जास्त असल्याने ते झाकले जाते, इतकेच. मोड आणायला बांधलेली मटकी घ्या. मोठे गाठोडे असेल तर आत हात घातल्यावर उबदार लागते, ती ऊब श्वसनाची. तीच मटकी घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडली तर ऑक्सिजन संपतो, दाणे विनॉक्सिश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनविना होणाऱ्या श्वसनावर, जातात, मोड खुंटतात आणि वास सुटतो. कुंडीचे भोक बुजले की झाड मरते तेही बहुधा असेच: मातीतल्या हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि मग कुजतात. खाडीतल्या तिवराने यावर तोड काढली आहे, त्याची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात. (हा शब्द घाईत ‘श्वसनामुळे’ असा वाचला जातो, त्याला इलाज नाही.)

बाष्पोच्छ्वासाचा श्वसनाशी संबंध नाही. पाने पाण्याची वाफ बाहेर टाकतात, एवढाच अर्थ. येथे ‘उच्छ्वास’ म्हणजे फक्त बाहेर टाकणे, जोडीला आत घेणे नाही. मराठी कानाला हे पटावे, कारण याच शब्दापासून आलेला ‘उसासा’ आपण टाकतो किंवा सोडतो, घेत कधीच नाही. तरीही गोंधळ टाळायचा असेल तर ‘बाष्पोत्सर्जन’ लिहावे, मला तोच शब्द सरस वाटतो.

जाता जाता लेखन. उत् + श्वास = उच्छ्वास; ‘त्’चा ‘च्’ होतो आणि ‘श’चा ‘छ’. त्या ‘छ’चा पाय मोडून पुढे ‘वा’ येतो. ‘उच्छवास’ आणि ‘श्वासोश्वास’ ही दोन्ही रूपे चुकीची.