सोळा गुण, पण कशाचे?

प्रश्न : मी कळव्याला राहते आणि महापे येथील एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. कंपनीतील प्रशिक्षणवर्गात आम्हाला विधानांच्या 29 जोड्या देऊन प्रत्येक जोडीतील एकच विधान निवडायला सांगितले. नंतर ‘23 पैकी 16 गुण, म्हणजे तुम्ही सगळे नशिबावर सोडणाऱ्या’ असे प्रशिक्षकांनी चारचौघांत सुनावले. खरे सांगायचे तर नशिबाच्या विधानांवर खूण करताना माझ्या डोळ्यांसमोर सिडकोच्या घरांची सोडत होती. अर्ज करूनही तिच्यात आमचा नंबर लागलेला नाही. या चाचणीवर कितपत विश्वास ठेवावा? आणि जोड्या 29 असताना गुण 23 पैकी कसे?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेली नियंत्रणस्थानाची, म्हणजे आयुष्यातील फलिते आपल्या हाती (अंतर्गत) की हाताबाहेर (बाह्य) असे माणूस मानतो याची, मापनश्रेणी दिसते. तिच्यातील सहा जोड्या चाचणीचा रोख उत्तर देणाऱ्याच्या लक्षात येऊ नये म्हणून घातलेल्या असतात आणि त्यांना गुण नसतात, म्हणून 23. गुण जितके जास्त, तितकी आयुष्यातील फलिते आपल्या हाताबाहेर आहेत ही धारणा अधिक, इथवर प्रशिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे.

‘नशिबावर सोडणाऱ्या’ हा निष्कर्ष मात्र त्या आकड्यातून निघत नाही. या श्रेणीत नशीब, वरिष्ठांची मर्जी आणि जगाचा गुंतागुंतीचा कारभार या सगळ्यांची गणना ‘बाह्य’ या एकाच खात्यात होते. मानसशास्त्रज्ञ हॅना लेव्हन्सन यांनी 1970 च्या दशकात नेमके हेच खाते फोडले आणि स्वतःचे नियंत्रण, सामर्थ्यवान व्यक्तींचे नियंत्रण व योगायोग अशा तीन भागांत प्रत्येकी आठ, म्हणजे एकूण 24 विधानांची श्रेणी तयार केली. तिच्यात दोहोंपैकी एक निवडण्याची सक्ती नसून प्रत्येक विधान आपल्याला किती पटते, तेवढे नोंदवायचे असते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपली बढती साहेबांच्या हातात आहे असे मानणारी व्यक्ती साहेबांशी बोलू शकते, लेखी अर्ज देऊ शकते, प्रसंगी युनियनकडे जाऊ शकते. सगळा योगायोगच आहे असे मानणाऱ्याला हे करण्याचे कारणच उरत नाही. रॉटरच्या श्रेणीत मात्र दोघांचे गुण सारखेच भरू शकतात.

आता सोडतीविषयी. पात्र अर्जदारांतून नावे काढण्याची ती पद्धतच अशी आहे की तिथे नशिबाला नशीब म्हणणे हे वास्तवाचे भान झाले, स्वभावदोष नव्हे. रॉटर यांना मोजायची होती ती फलिते आपल्या हाती असतात की नाही याविषयीची सर्वसाधारण अपेक्षा, जी नव्या किंवा संदिग्ध परिस्थितीत अधिक प्रभावी ठरते. परिचित परिस्थितीत माणूस त्या परिस्थितीच्या अनुभवावरूनच अंदाज बांधतो. आपण सोडत मनात धरून उत्तरे दिली असतील, तर निदान त्या जोड्यांपुरते आपल्या सर्वसाधारण धारणेऐवजी सोडतीचेच मोजमाप झाले.

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया गुरिन आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांविषयी दाखवून दिले की ‘माझ्या आयुष्यावर माझा ताबा आहे का’ आणि ‘समाजात यशापयश कशामुळे येते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अडचणींचे खापर स्वतःवर न फोडता व्यवस्थेकडे बोट दाखवणारे विद्यार्थी हातपाय गाळून बसलेले नव्हते, उलट सामूहिक कृतीकडे त्यांचा कल अधिक होता. अंतर्गत नियंत्रण चांगले आणि बाह्य वाईट, असे सरधोपट समीकरण मांडू नये, असे खुद्द रॉटर यांनीही 1975 मध्ये बजावले होते. (प्रशिक्षणवर्गांत ही श्रेणी पोहोचली, तो इशारा बहुधा वाटेतच राहिला.)

तेव्हा शक्य असल्यास आपली उत्तरपत्रिका मागून घ्या आणि त्या 16 जोड्या नशिबाच्या किती, वरिष्ठांच्या किती व राजकारण-समाजकारणाच्या किती, हे स्वतः पाहा. असा निकाल चारचौघांत वाचून दाखवायचा नसतो, हेही प्रशिक्षकांना अवश्य कळवा. आणि तो आपल्या सेवापुस्तिकेत किंवा वार्षिक मूल्यमापनात जाणार असल्यास मनुष्यबळ विभागाकडे लेखी हरकत नोंदवा.