तीन ओळींचा बदल आणि चार दिवसांची वाट

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत आमची वीस जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. पगार वेळेवर होतो, कॅरम आहे, शुक्रवारी मिसळ असते. तरी वर्षभरात चार चांगली मुले पुण्याला गेली. कमी कुठे पडते?

उत्तर : मिसळ बंद करू नका, पण तिच्यावर भिस्तही ठेवू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्याशी बोलून १९५९ मध्ये असे मांडले की, नाराजीची आणि समाधानाची कारणे वेगवेगळी असतात. पगार आणि कामाची जागा नीट नसेल तर माणूस कुरकुरतो, मात्र त्या नीट केल्याने तो कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी काहीतरी तडीस नेल्याचा अनुभव लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हलपरांच्या एका सर्वेक्षणात नाराजीची २१९ कारणे नोंदवली गेली. अडचण सोडवताना अडकून पडणे आणि वेळेचा दबाव ही त्यांत अग्रस्थानी होती.

उद्यमनगरातील कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या टर्नरला आपला जॉब मापात उतरला की नाही, हे व्हर्नियर ही मोजपट्टी लावताच कळते. तुमच्या मुलांना ते कळायला किती दिवस लागतात, हे मोजा. एका कार्यालयात मी पाहिले, की तीन ओळींची दुरुस्ती सोमवारी सकाळी तयार झाली आणि शुक्रवारपर्यंत रिव्ह्यूविना, म्हणजे दुसऱ्या कुणी तपासल्याविना, पडून राहिली, कारण रिव्ह्यूचा अधिकार एकाच ज्येष्ठाकडे होता आणि तो क्लायंटच्या मीटिंगांत गुंतलेला होता. अखेर शेरा आला, ‘व्हेरिएबलचे नाव बदला.’ ते नाव आपण का ठेवले होते, हे तोवर त्या मुलालाच आठवेना. तेव्हा रिव्ह्यूचा अधिकार आणखी दोघांना द्या, काम लहान तुकड्यांत वाटा आणि ते वापरणाऱ्याचे बरेवाईट मत लिहिणाऱ्याच्या कानांपर्यंत थेट पोहोचू द्या. पुण्याच्या पगाराशी बरोबरी कदाचित साधणार नाही, तरी मुले निघून जाण्याचे एक मोठे कारण दूर होईल.

प्रश्न : आमचे साहेब दर अर्ध्या तासाने ‘कुठवर आलं?’ म्हणून विचारतात. काय करावे?

उत्तर : त्यांना बहुधा क्लायंट विचारत असतो. सकाळी अकराला आणि दुपारी चारला तुम्हीच दोन ओळी लिहून पाठवा. मागण्याआधी माहिती मिळाली की फेऱ्या आपोआप कमी होतात. तरीही होत नसतील, तर दुखणे प्रश्नांचे नसून अविश्वासाचे आहे, आणि ते एकदा समोर बसूनच बोलावे लागेल.

प्रश्न : मी कोल्हापुरात घरूनच अमेरिकी क्लायंटचे काम करते. सासूबाईंना वाटते की मी दिवसभर मोकळीच असते, आणि रात्री मीटिंग सुरू झाली की सगळेच नाराज होतात.

उत्तर : उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिथे सकाळी साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ, नेमकी जेवणाची वेळ. क्लायंटला सकाळी साडेनऊची वेळ मागून पाहा. ती आपली संध्याकाळी सातची होते. घरच्यांना मात्र वेळापत्रक सांगून भागत नाही, असा माझा अनुभव आहे. दार बंद असेल तेव्हा तुम्ही ऑफिसात आहात, एवढी एकच खूण ठरवा, आणि दार उघडल्यावर लॅपटॉप खरोखर मिटलेला असू द्या.