फाइल अख्खी वाच

प्रिय मुली,

ठरलेले तास, ताशी मानधन आणि सरांचा निरोप: लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जा, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या ‘एफओ ३७१’ मालिकेतल्या फायली काढ आणि पणिक्करांचं नाव असलेल्या पानांचे तेवढे फोटो पाठव. हे संशोधन की हमाली, असं तू विचारतेस. फाइल अख्खी वाचत नसशील, तर हमालीच.

ज्या प्रकरणावर तू काम करतेस तेच घे. २ ऑक्टोबर १९५०ची मध्यरात्र उलटलेली. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय भारताचे तिथले राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतात आणि बजावतात, अमेरिकी सैन्याने उत्तर आणि दक्षिण कोरियामधली ३८ वी अक्षांशरेषा ओलांडली तर चीन गप्प बसणार नाही. निरोप दिल्लीमार्गे लंडन-वॉशिंग्टनला पोचतो. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ॲचिसन तो पोकळ धमकी म्हणून बाजूला सारतात, कारण पणिक्करांवर त्यांचा भरवसाच नाही. त्याच महिन्यात चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात शिरतात.

एवढं छापील पुस्तकांतही मिळतं. पण लंडनमध्ये तो निरोप कुणाकुणाच्या टेबलावरून गेला, कुणाला तो खरा वाटला? ते फायलीच्या जॅकेटवर, म्हणजे वरच्या वेष्टनावर, अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांत सापडतं. घाईचं अक्षर, खाली आद्याक्षरं आणि तारीख. तिथे बऱ्याचदा पणिक्करांचं नाव नसतं, नुसतं ‘भारतीय राजदूत’ असतं. नाव शोधत पानं उलटणारीच्या हातून नेमकं तेच निसटतं. म्हणून अख्खी फाइल. कोरी वाटणारी पाठसुद्धा उलटून बघ, मजकूर असेल तर पाठपोट फोटो घे. प्रत्येक फायलीचा पहिला फोटो तिच्या क्रमांकाचा. हे मला परत सांगायला लावू नकोस.

वेळ पुरत नाही म्हणतेस. मान्य, मानधन तुटपुंजं आहे, शिवाय तुझा स्वतःचा प्रबंध डोक्यावर आहे. पण मग फायली कमी घे, पानं गाळू नकोस. दिल्लीत मी असंच अर्धवेळ काम करायचे तेव्हा ‘फार संथ’ म्हणून माझ्याकडून एक प्रकल्प काढून घेतला गेला. पुस्तक निघालं, आभारात माझं नाव नव्हतं. त्याची खंत आजही आहे. तरी त्या पुस्तकातल्या ज्या तळटीपा मी दिलेल्या कागदांवर उभ्या आहेत, त्या कुणालाही खोडता आलेल्या नाहीत. संथ म्हणा नाहीतर हट्टी, अर्धी फाइल वाचून मी कुणाला कागद दिला नाही आणि देणारही नाही.

सरांना आजच स्पष्ट लिही: ‘एका फायलीला इतका वेळ लागतो, तेवढे तास धरावे लागतील.’ ते चिडले तर चिडू देत. आणि तू आत्तापर्यंत नुसत्या नावावरून चाळलेल्या फायलींचे क्रमांक मला पाठव. त्यातल्या कुठल्या पुन्हा काढायच्या, ते रविवारी फोनवर ठरवू.

तुझी,
मावशी