उत्तर: आयपी सारखा बदलतोय, कॅमेरे बाहेरून उघडत नाहीत (नवा राउटर घेण्याआधी हे वाचा)

तुम्ही लिहिलंय की केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे, बाहेरून दिसणारा आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) दर एक-दोन दिवसांनी बदलतो, पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली हाक राउटरने कॅमेऱ्यांकडे पाठवायची सोय), डीडीएनएस लावलं (बदलत्या पत्त्याला एकच नाव देणारी सेवा), तरी गावाकडच्या घराचे कॅमेरे मोबाइलवर उघडत नाहीत, आणि केबलवाल्याच्या ऑफिसातले लोक "राउटर बदलून बघा" म्हणतात. वाचताना माझी २०२१ च्या पावसाळ्यातली वही डोळ्यांसमोर आली.

बाबा गेल्यावर आई कराडजवळच्या घरी एकटी राहायची, मी पुण्यात. अंगणात एक आणि मागच्या दाराला एक असे दोन कॅमेरे बसवले. घरातल्या टीव्हीवर चित्र स्वच्छ यायचं, पुण्यातून एकदाही उघडलं नाही. रोज सकाळी मी आईला फोन करायचो. ती चष्मा लावून मोबाइलवर आयपी दाखवणारी वेबसाइट उघडायची आणि एकेक आकडा वाचायची, "एकशे तीन, मग टिंब...". मी वहीत तारखेसमोर लिहून ठेवायचो. दोन आठवड्यांत नऊ वेगळे आकडे झाले, आणि मी पक्कं ठरवून टाकलं की आयपी बदलतो हाच सगळा घोळ आहे.

इथे मी चुकलो, आणि तुमच्या पोस्टवरून वाटतं की तुम्हीही त्याच वाटेवर आहात. बाहेरच्या वेबसाइटवर दिसणारा पत्ता मी रोज टिपला, पण राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला नेट देणाऱ्याकडून मिळालेला पत्ता) म्हणून काय लिहिलंय ते एकदाही पाहिलं नाही. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. बाकी सगळं नंतर.

दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता. तो बदलत असला तरी डीडीएनएसने काम व्हायला हवं, म्हणजे चूक पोर्टमध्ये किंवा डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डब्याच्या) सेटिंगमध्ये आहे. पण वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर तुम्ही प्रोव्हायडरच्या (नेट देणाऱ्याच्या) नॅटमागे आहात. म्हणजे तुमच्यासारखी कित्येक घरं बाहेर एकाच पब्लिक पत्त्याने वावरतात. बाहेरून त्या पत्त्यावर आलेली हाक प्रोव्हायडरच्या मशीनपाशीच थांबते, कारण ती कोणत्या घरी पोचवायची हे त्या मशीनला माहीतच नसतं. तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग तिथे पोचत नाही आणि डीडीएनएस फक्त त्या सामायिक पत्त्याला नाव देतं. वॅनवर १९२.१६८ दिसलं, तर बहुधा प्रोव्हायडरचा ओएनयूच (फायबरची तार जिथे येते तो डबा) राउटरचं काम करतोय. आधी तो ब्रिज मोडमध्ये (म्हणजे नुसती जोडणी पुढे देईल असा) टाकून घ्या आणि मग पुन्हा बघा.

१००.६४ चा हा गट २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. कारण साधं आहे. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते सगळे मिळून ४३० कोटींच्या आत आहेत. जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची संस्था एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आली आणि २०१९ पासून ती नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते देते. तालुक्याच्या ठिकाणी हजारो कनेक्शनं देणारा माणूस एवढ्यात काय करणार? नॅट लावल्याबद्दल माझी त्यांच्यावर तक्रार नाही. तक्रार आहे ती न सांगण्याबद्दल.

मी आमच्या केबलवाल्याच्या ऑफिसला किती फोन केले याची गणती नाही. पहिल्यांदा "सिस्टिम अपडेट चालू आहे, दोन तासांत होईल". मग "डीव्हीआरवाल्याला विचारा". डीव्हीआरवाला म्हणाला नेटवाल्याला विचारा. मग "तुमचा राउटर हलका आहे, चांगला घ्या", म्हणून साडेतीन हजारांचा राउटर घेतला. तो लावल्यावर तर नेटच बंद, कारण कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅकला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं होतं. मॅक रीसेट करून द्यायला त्यांनी चार दिवस घेतले, आणि त्या चार दिवसांत आईचा व्हिडिओ कॉलही बंद. काउंटरवरची बाई म्हणाली वर्षाचा प्लॅन घेतला तर "प्रायॉरिटी सपोर्ट" मिळेल, म्हणून तोही भरला. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा की तक्रारीचं निवारण झालं आहे. दोन महिन्यांत एकाही माणसाने नॅट हा शब्द उच्चारला नाही. आजही ते आठवलं की जीव कळवळतो, कारण मागच्या दाराशी रात्री खुडबुड झाली की आई मला फोन करायची आणि मला इथून काहीच दिसत नसायचं.

शेवटी केबल ओढायला आलेल्या एका पोराने दोन मिनिटांत उलगडा केला. राउटरचं पान उघडलं, वॅनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दादा, हे १००.७२ बघा. आपल्याकडे सगळेच नॅटवर आहेत. पब्लिक पाहिजे तर स्टॅटिक घ्यावा लागतो, अर्ज द्या." स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, फक्त आपला पत्ता. अर्ज दिला, जादा पैसे भरले आणि तिसऱ्या दिवशी पुण्यात बसून मला आमच्या अंगणातली तुळस दिसली.

आता आयपी बदलतो कसा, तेही थोडं सांगतो, कारण इंटरनेटवरचे बरेच सल्ले परदेशातल्या केबल मोडेमवाल्यांचे असतात. तिथे पत्ता बहुतेक डीएचसीपीने, मुदतीवर मिळतो. निम्मी मुदत झाली की राउटर तोच पत्ता पुढे चालू ठेवायला मागतो आणि सहसा मिळतो, म्हणून महिनोन् महिने एकच पत्ता राहतो. मोडेम बराच वेळ बंद राहिला, राउटर बदलला किंवा कंपनीने त्या भागाची रचना बदलली, तरच तो हलतो. आपल्याकडच्या केबलवाल्यांचं काम बहुतेक पीपीपीओईवर चालतं. राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन डायल करतो आणि त्या सेशनपुरता पत्ता मिळतो. लाइट गेली की सेशन तुटलं, परत डायल झालं की साठ्यात जो मोकळा असेल तो. म्हणून "मोडेम रात्रभर बंद ठेवा" वगैरेच्या मागे लागू नका. आणि नॅट असेल तर बाहेर दिसणारा पत्ता तुमचा राउटर हलला नाही तरी बदलू शकतो. वहीत मी तेच टिपत बसलो होतो.

स्टॅटिकला पैसे द्यायचे नसतील तर डीव्हीआरच्या कंपनीची क्यूआर कोडवाली क्लाउड सेवा वापरा. त्यात डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे नॅट आडवं येत नाही. चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर असतं, हे मला पटत नाही, पण आईवडिलांवर लक्ष ठेवायला नसण्यापेक्षा बरं. प्रोव्हायडर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) देत असेल तर तोही मार्ग आहे, पण डीव्हीआर आणि तुमचा मोबाइल दोघांनाही ते जमलं पाहिजे.

आणि स्टॅटिक घेतलाच तर त्याच दिवशी डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदला, हात जोडून सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे तयार पासवर्ड वापरूनच असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते.

मी नेटवर्कवाला नाही, विम्यात नोकरी करतो. तुमच्या प्रोव्हायडरची पद्धत वेगळी असू शकते. ऑफिसला फोन न करता मेल करा आणि एकच प्रश्न विचारा: माझ्या कनेक्शनला पब्लिक आयपी आहे की नॅट, आणि स्टॅटिकचे वर्षाचे किती? उत्तर लेखी येईपर्यंत वर्षाचा प्लॅन भरू नका.

वॅन आयपीचे पहिले दोन आकडे इथे टाका, मी बघतो. पूर्ण पत्ता टाकू नका.