शब्द आटतात तेव्हा

प्रश्न : माझे यजमान चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. चर्चच्या मंडळीने आळीपाळीने अखंड साखळी प्रार्थना केली, मी दर शुक्रवारी उपास धरला, तरी गेल्या पावसाळ्यात ते प्रभूकडे गेले. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. संध्याकाळी सातच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी सवयीने प्रभूची प्रार्थना म्हणते. मन मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. एका ओळखीच्या बाईंनी सांगितले की तुमचा विश्वास कमी पडला, म्हणून उत्तर आले नाही. महिला मंडळात प्रार्थना चालवायची पाळी आली की मी काहीतरी निमित्त काढून टाळते. माझा विश्वास संपला आहे का? मी ढोंग करते आहे का?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी, त्या बाईंचे वाक्य आधी बाजूला काढू, कारण ते मनात रुतून बसले असेपर्यंत दुसरे काही सांगून उपयोग नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारे एक दुखणे, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिलाच; मिळाली ती कृपा पुरेशी असल्याची खात्री. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि तोही टळला नाही. विश्वासाच्या मापावर उत्तर मिळते असे जर मानायचे, तर या दोघांचाही विश्वास कमी भरला असे म्हणावे लागेल, आणि ते म्हणायला त्या बाईदेखील धजणार नाहीत. सांत्वनाला येणारी माणसे कधीकधी स्वतःच्या भीतीला उत्तर देत असतात. आपल्या घरी असे होणार नाही, याची त्यांना हमी हवी असते. त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांचे म्हणणे पदरातही बांधून घेऊ नका.

आता तुमच्या कोरडेपणाविषयी. प्रार्थना म्हणजे मन भरून येणे, डोळ्यांत पाणी येणे, अशी आपल्या मंडळ्यांतून एक समजूत पसरली आहे, आणि साक्षी ऐकून ऐकून ती पक्की होत जाते. पवित्र शास्त्रातले प्रार्थनेचे पुस्तक मात्र तसे नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत स्तुतीइतकीच तक्रारही आहे. तेरावे स्तोत्र काढून पाहा. पहिल्या दोन वचनांतच स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो की आणखी किती काळ. हे स्तोत्र शेवटी भरवशाकडे वळते, पण अठ्ठ्याऐंशीवे तर तेवढेही करत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली त्यांनी त्याला एखादी गोड ओळ जोडून दिली नाही, आणि यासाठी मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. आपल्या मातीला तर ही भाषा अनोळखी नाहीच. विठोबाशी हक्काने भांडणाऱ्या तुकोबांना कोणी अश्रद्ध म्हटले नाही, आणि आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्याच सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. तेव्हा देवाकडे गाऱ्हाणे मांडायला तुम्हाला कोणाची परवानगी काढायला नको. गाऱ्हाणेही तोंडून निघत नसेल तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचा. आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्माच शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल तिथे लिहितो.

आणखी एक गोष्ट, जी प्रवचनांत सहसा सांगितली जात नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला बोध केला नाही. तो झोपला, दूताने त्याला उठवले, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवून पुन्हा झोपला, आणि दुसऱ्यांदा त्याला उठवून खाऊ घालण्यात आले. होरेब डोंगर आणि तिथे देव ज्यातून बोलला तो मंद, शांत स्वर हे सगळे त्यानंतरचे, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतरचे. चौदा महिने रात्री-अपरात्री औषधांच्या वेळा सांभाळलेल्या बाईला आधी झोप आणि दोन वेळचे नीट जेवण लागते. झोप अजूनही येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

राहिली तुमची सात वाजताची प्रार्थना. ती सोडू नका. मन शिट्ट्या मोजत असेल तर मोजू द्या. प्रभूच्या प्रार्थनेचा आपल्या मराठी शास्त्रातला शब्द पाहा : रोजची भाकर. तुम्हीआम्ही जाणतो की सकाळची भाकरी संध्याकाळी कडक होते आणि पुन्हा परात घेऊन पीठ मळावेच लागते. रानात देवाने इस्राएल लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाचे, मान्न्याचेही तसेच होते. उद्यासाठी राखून ठेवला त्यात किडे पडले, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी गोळा केलेला काय तो टिकला. पौलाने करिंथकरांना लिहिले की बाहेरचा मनुष्य झिजत असला तरी आतला दिवसेंदिवस नवा होत जातो. या ‘दिवसेंदिवस’ शब्दाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शिवाय ही प्रार्थना ‘आमची भाकर’ म्हणते, ‘माझी’ नव्हे. तुमचा आवाज जिथे लागत नाही तिथे शेजारी बसलेल्याचा आवाज ती ओढून नेतो. उसने शब्द म्हणणे हे ढोंग नाही. ते शब्द प्रभूनेच शिष्यांना दिले, तेसुद्धा त्यांनी आम्हाला प्रार्थना करायला शिकवा म्हणून विनवल्यावर.

महिला मंडळातली पाळी या वेळी टाळू नका, मात्र स्वतःची प्रार्थना रचण्याचा हट्टही धरू नका. तेरावे स्तोत्र सावकाश वाचा आणि ‘आमेन’ म्हणून खाली बसा. त्या खोलीत तुमच्यासारखीच गप्प झालेली आणखी एखादी नक्की निघेल.

प्रश्न : आमच्या तरुण संघाच्या शिबिरात प्रत्येकाला नव्या जन्माची तारीख विचारण्यात आली. मी ख्रिस्ती घरात वाढलो. अशी तारीख मला सांगता आली नाही. माझे नवीकरण, म्हणजे हा नवा जन्म, झालाच नाही असे समजावे का?
— एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : प्रिय बंधू, दोन स्त्रियांकडे पाहा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. त्यांना निदान एक वर्ष सांगता आले. लक्ष्मीबाई टिळकांचे निराळे. पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला. मधल्या काळात त्यांच्या मनातल्या सोवळ्याओवळ्याच्या भिंती पडत गेल्या, त्या एका रात्रीत नव्हे. बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत होते, पण आतल्या जन्माची वही आपल्यापैकी कोणाच्याच हाती नाही. काहींना तो क्षण स्वच्छ आठवतो, आणि त्यांच्या साक्षीचा मला आदर आहे. मात्र त्यांचा अनुभव ही इतरांची परीक्षा होऊ नये.

ज्या संभाषणातून ‘नवा जन्म’ हा शब्द आपल्याकडे आला, तेच पुन्हा वाचा. निकदेम हा यहूदी पुढारी रात्री येशूकडे आला, त्याने प्रश्न विचारले, आणि प्रभूने त्याला वाऱ्याचा दाखला दिला : आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही. त्या रात्री निकदेम काय ठरवून घरी गेला, हे शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगत नाही. पुढे येशूला विरोध करणाऱ्या परूशी धर्मपुढाऱ्यांच्या बैठकीत तो येशूच्या बाजूने एक सावध वाक्य बोलतो. आणि शेवटी, शिष्य पांगलेले असताना, गंधरस आणि अगरू यांचे सुमारे शंभर रत्तल मिश्रण घेऊन तो प्रभूच्या देहापाशी येतो.