वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकचा रंग कसा उतरवावा?

प्रश्न : वडिलांनी १९७४ साली घेतलेला टाटाचा बॉनेटवाला ट्रक आमच्या खळ्यात बरीच वर्षे उभा आहे. त्यातून ते केळी दिल्लीपर्यंत नेत असत. आता तो पहिल्यासारखा करायचा आहे. गॅरेजवाले म्हणतात, सगळा ट्रक सँडब्लास्टिंग करून घ्या. पुतण्या म्हणतो, कॉस्टिक सोड्याने स्वस्तात होईल. केबिनवर वडिलांनी पेंटरकडून काढून घेतलेली अक्षरे आहेत, ती जाऊ नयेत असे वाटते. काय करावे?
— एक वाचक, सावदा, ता. रावेर

उत्तर : सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून रंग उडवणे, चासीपुरते करून घ्यावे; केबिन, बॉनेट आणि मडगार्ड त्यापासून लांब ठेवावेत. चासीचे लोखंड जाड असल्याने मार सोसते, मात्र केबिनचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असल्यामुळे जोराच्या माऱ्याने तो ताणला जाऊन लहरी धरतो, आणि या लहरी पुढे कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी तिरप्या उन्हात दिसतातच. ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू देऊ नये, कारण तिच्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. गार्नेट या कठीण खनिजाचा चुरा मागावा. चासीवर ठोकलेला क्रमांक आधी नीट झाकून घ्यावा.

कॉस्टिक सोडा लोखंडाला फारसा अपाय करत नाही, पण अॅल्युमिनिअमच्या पट्ट्या आणि रिव्हेट खाऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे तो पत्र्याच्या दुमडीत शिरून बसतो आणि नवा रंग लागल्यावर काही महिन्यांनी बाहेर झिरपतो. सुटे करून टाकीत बुडवता येतील व भरपूर पाण्याने धुता येतील एवढ्याच लोखंडी भागांना तो वापरावा.

उरलेल्या पत्र्याला पेंट रिमूव्हर लावून पत्तीने खरवडणे हेच बरे. बाजारातील अनेक रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते आणि ते सुमारे ४० अंशांना उकळते. आपल्या रावेर-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा डबा उघडताच आतला द्राव अंगावर उडू शकतो. त्याच्या वाफेने बंद शेडमध्ये माणसे दगावतात. शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाचा तिथे काही उपयोग नसतो. काम उघड्यावर, सकाळच्या गारव्यात आणि हातमोजे व चष्मा घालून करावे.

आपण खळ्याचा उल्लेख केला आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या काळच्या पिवळ्या-नारिंगी रंगांत आणि शेंदराच्या प्रायमरमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. असा रंग ग्राइंडरने कोरडा उडवला तर त्याची धूळ धान्य पडते त्याच जमिनीवर बसेल. खाली जाड प्लास्टिक अंथरावे, खरवड गोळा करून वेगळी ठेवावी आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

रंगाला हात लावण्यापूर्वी फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक केबिनवरून फिरवावे. जिथे ते सैल पडते तिथे खाली जुनी लांबी आहे, आणि लांबीखाली बहुधा सडलेला पत्रा आहे. दाराचा खालचा काठ आणि पायदानाजवळचा कोपरा हमखास सापडतो. तिथे पुन्हा लांबी भरू नये. सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये. एका दिवसात प्रायमर मारून होईल तेवढाच भाग उघडावा, ८० नंबरच्या आणि मग १८० च्या पॉलिश पेपरने घासावा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावा आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारावा. लांबी त्या प्रायमरवर येते, खाली नाही. मी स्वतः पहिल्या ट्रकला हे उलट केले होते. उघड्या पत्र्यावर लांबी भरून ती पाणी पेपरने घासली, लांबीने पाणी धरले आणि दिवाळीला चमकणाऱ्या बॉनेटवर होळीपर्यंत मुगाएवढे फोड आले. ते सगळे पुन्हा खरवडावे लागले, म्हणून आता लांबी मी कोरडीच घासतो.

काम दसऱ्यानंतर काढावे. पावसाळ्यात पत्रा तासाभरात तांबूस होतो, उन्हाळ्याचे वर सांगितलेच आहे. थंडीत मात्र पहाटेचे दहिवर पत्र्यावर बसते, तेव्हा ऊन चढून पत्रा कोरडा झाल्याशिवाय रिमूव्हर वा प्रायमर लावू नये. रात्री पारा १० अंशांखाली गेला तर इपॉक्सी वाळायला वेळ घेते, म्हणून प्रायमर दुपार टळण्यापूर्वी मारावा.

अक्षरांखालचा पत्रा गंजला असेल तर ती वाचणार नाहीत. तेव्हा रिमूव्हरचा डबा उघडण्याआधी समोरून, भरपूर उजेडात त्यांचे फोटो काढावेत आणि ट्रेसिंग पेपर चिकटवून प्रत्येक अक्षराची कड पेन्सिलीने उतरवून घ्यावी. सावलीच्या रेघा वेगळ्या कागदावर घ्याव्यात, कारण पेंटर त्या वेगळ्या रंगाने ओढतो.