इंग्रजी 'टाइम'साठी फ्रेंचमध्ये इतके शब्द का? कुठला कधी वापरायचा?

'टाइम'साठी शब्दकोश 'ताँ', 'अर', 'फ्वा' असे तीन शब्द पुढे करतो, त्यातला कुठला घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय. मी मराठी मुलांना फ्रेंच शिकवते. माझं ऐकाल तर इथे इंग्रजी बाजूला ठेवा आणि वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. 'किती वाजता?' या प्रश्नाचं उत्तर असेल तर 'अर', 'किती वेळ?' असेल तर 'ताँ', आणि 'कितीदा?' असेल तर 'फ्वा'. हा भेद आपण लहानपणापासून करत आलोय. 'ती वेळ' वेगळी आणि 'तो वेळ' वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

'फ्वा' सगळ्यांत सरळ. पहिल्यांदा म्हणजे 'ला प्रम्येर फ्वा'. पाढ्यातही तोच येतो: 'त्र्वा फ्वा कात्र', तीन गुणिले चार.

'अर'मध्ये मात्र जपा, कारण 'वाजले' आणि 'तास' दोन्ही त्याच्याच पोटात आहेत. 'आ दझर' म्हणजे दोन वाजता, 'पाँदाँ दझर' म्हणजे दोन तास. अर्थ आधीच्या छोट्या शब्दावर ठरतो, म्हणून तो शब्द गाळू नका. (पंचांगातला 'होरा' आठवतो? संस्कृतात तो ग्रीकमधून आला, आणि 'अर' त्याच ग्रीक शब्दापासून लॅटिनमार्गे आला. मला हे नातं फार आवडतं.)

'ताँ'चा पसारा मोठा. वेळ, व्याकरणातला काळ आणि हवामान, सगळं तोच. 'केल ताँ फेतिल?' असं कुणी विचारलं तर घड्याळ बघू नका. 'हवा कशी आहे?' असं तो विचारतोय. किती वाजले हे विचारायला 'केल अर एतिल?' लागतं. नवशिक्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते.

आणखी एक जोडी आपल्याला अगदी सोपी जाते. गाडी 'वेळेवर' सुटली तर 'आ लर', डॉक्टर 'वेळेत' पोचले तर 'आ ताँ'. पहिल्यात ठरलेली घटका पाळली, दुसऱ्यात अनर्थ व्हायच्या आधी गाठलं. 'त्या काळी' म्हणायचं असेल तर चौथाच शब्द येतो, 'आ लेपॉक'.

मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. 'निघायची वेळ झाली' यात 'ती वेळ' आहे, म्हणून 'अर' येईल असं वाटतं. पण फ्रेंच माणूस 'इल ए ताँ द पार्तीर' म्हणतो. उलट, जेवायची वेळ झाली की 'से लर द माँजे' हेही सर्रास ऐकू येतं. ही दोन वाक्यं मी मुलांकडून सरळ पाठच करून घेते, तुम्हीही तसंच करा. आणि 'मजेत वेळ गेला' म्हणायला वेळेचा शब्द शोधत बसू नका. तिथे 'साम्युझे', म्हणजे मजा करणे, हे क्रियापद एकटं पुरतं.